पडवीतला समाजवादी

विनायकला त्याच्या नावानं हाक मारणारी आमच्या वाडीत एकटी आत्या. बाकी सगळे त्याला समाजवादी म्हणत. त्यात चेष्टा नव्हती. कुणाला पोस्टमन म्हणावं, कुणाला कंपाउंडर म्हणावं, तसं ते नाव पडलं होतं. ‘समाजवादी जेवला का?’ ‘समाजवाद्याची चप्पल तुटलीया, भोरला चाललायस तर घिऊन जा.’ तो नेमकं काय काम करतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण रोज सकाळी खांद्याला पिशवी अडकवून तो कुठल्या ना कुठल्या गावाला निघायचा आणि दिवेलागणीला दमून परत यायचा, म्हणजे काहीतरी कामाचाच असणार, एवढा विश्वास लोकांनी त्याच्यावर टाकला होता. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी होते. लग्नाचं बोलणं अधूनमधून निघायचं आणि आपोआप थांबायचं. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, एका भोरच्या दोस्तानं निरोप धाडला होता की मुलगा चांगला आहे, खेड्यांतून फिरायचं म्हणतो, महिना-दोन महिने ठेवून घ्या. आप्पांनी जास्त विचारलं नाही. पडवी रिकामी होती. महिना-दोन महिन्यांसाठी आलेला विनायक वर्षाच्या वर राहिला.

आमचं घर भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला, उतारावर. पुढं पडवी, मग माजघर, मागं स्वयंपाकघर आणि शेजारी गोठा. गोठ्याची आणि माजघराची भिंत एकच असल्यानं म्हशीनं शिंग घासलं तरी आत ऐकू यायचं. खाली सगळं पाणी. पलीकडच्या काठावरून कुणी ‘होऽऽ’ अशी हाळी दिली की थोड्या वेळानं वल्ह्यांचा चुबुक-चुबुक आवाज सुरू व्हायचा. नाव चालवायचे ते बौद्धवाडीतले किसनदादा. बाजाराच्या दिवशी त्यांची दिवसभर ये-जा चालायची आणि आम्ही घरात बसून सांगायचो, आता भरलेली चालली, आता रिकामी आली. रिकाम्या नावेचा आवाज वेगळा असतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाकाठानं जुन्या शेतांचे बांध वर यायचे, एखाद्या विहिरीचं तोंड दिसायचं, आणि त्या ओल्या गाळात लोक काकड्या, वालवड असलं काहीबाही लावायचे. पावसाळा आला की ते सगळं पुन्हा पाण्याखाली. हे इतकं नेहमीचं होतं की ती शेतं कधीकाळी कुणाची होती, असा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता.

स्वयंपाकघर आत्याचं. आत्या आप्पांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आली ती कायमचीच, आणि आल्या दिवसापासून चुलीचा ताबा तिच्याकडं गेला. आईला त्याचं काही वाटलं नसावं. आईला शेतात, उघड्यावर बरं वाटायचं. आत्याच्या हातचं हुलग्याचं पिठलं, नाचणीची भाकरी आणि वर लसणाची कोरडी चटणी हे जेवण मी पुढं कितीतरी गावांतून जेवले, पण तिच्याइतकी पातळ आणि तरीही न मोडणारी भाकरी मला कुठं मिळाली नाही. विनायक आला तेव्हा मासे खात नव्हता. आत्या धरणातले बारके मासे तव्यावर तिखट-मीठ लावून परतायची, तेव्हा तो उठून अंगणात जायचा. पहिला पावसाळा संपेपर्यंत तो स्वतःहून विचारायला लागला, “आत्या, आज मासे नाहीत का?”

त्याची पहिली सभा मारुतीच्या देवळापुढं झाली. मी बायकांच्यात बसले होते. विनायकचा आवाज छान होता, खणखणीत. उत्पादनाची साधनं, श्रमिकांचं शोषण, वर्गीय हितसंबंध, असे शब्द एकामागून एक येत राहिले. लोक माना डोलवत होते. मधे थांबून त्यानं विचारलं, “पटतंय ना?” तेव्हा पुरुषांच्या बाजूनं दमदार ‘व्हय’ आला. शेवटी काही प्रश्न असतील तर विचारा म्हणाला. एका म्हाताऱ्यानं हात वर करून विचारलं, “ते यष्टीचं कुठवर आलं?” तो समजला होता की एवढा वेळ बोलणारा माणूस एसटी सुरू करण्याबद्दलच बोलत असणार. विनायकनं सांगितलं की एसटीचं मला ठाऊक नाही. मग सभा संपली.

घरी आल्यावर तो खूश होता. जेवताना आप्पांना म्हणाला, “आप्पा, लोकांना विषय पोचला.” आत्या चुलीपुढून म्हणाली, “मला न्हाई कळलं बाबा.”

“काय नाही कळलं, आत्या?”

“कायच न्हाई कळलं. तू लई ग्वाड बोललास. पर कशावर बोललास?”

मला वाटतं, आमच्या भागात त्याला हे सांगणारी ती पहिली. ‘व्हय’ म्हणायला काही लागत नाही. शिकलेला परका मुलगा, पाहुणा म्हणून आलेला, त्याला कशाला ओशाळवायचं, असा लोकांचा विचार. आत्याला ती भीड नव्हती. तिला न समजलेली गोष्ट पोटात ठेवून झोपता येत नसे. दुसऱ्या दिवसापासून विनायकनं एक शहाणपणाची गोष्ट केली. कुठल्या गावात काय बोलायचं ते आधी संध्याकाळी चुलीपाशी बसून आत्याला सांगायचं. ती ‘न्हाई कळलं’ म्हणाली की तिथं थांबायचं. मी भाकऱ्या थापायला किंवा लसूण सोलायला तिथंच असायचे. माझं राजकारणाचं शिक्षण म्हणतात ते एवढंच. पुढं पुस्तकं वाचली, पण ती वाचतानाही कानात आत्याचा आवाज असायचा.

पहिल्याच संध्याकाळी गाडी तव्यावर अडली.

“समाजवाद म्हणजे,” विनायक म्हणाला, “ज्या साधनांनी माल तयार होतो, त्या साधनांवर एकट्यादुकट्याची मालकी नको, सगळ्यांची हवी.”

“साधनं मंजी?”

“म्हणजे ज्यानं काम होतं ती वस्तू. नांगर, यंत्र, जमीन.”

“मंग ह्यो तवा?” आत्यानं भाकरी उलटली. “ह्याच्यावर बी काम हुतंय की. ह्यो बी समद्यांचा?”

विनायक हसला. आत्या हसली नाही. तव्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “हसू नगं. खाली बायका काय म्हंत्यात ठावं हाय का? समाजवादाचं राज आलं की ज्याच्या घरी दोन म्हशी त्याची एक नेत्यात. भांडी नेत्यात. तुला कोन तोंडावर सांगत न्हाई येवडंच.”

मग त्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा हळू बोलला. म्हणाला, हा तवा घरचा. ह्याच्यावर तुम्ही भाकरी करता आणि घरातलीच माणसं खातात. ह्याला कुणी हात लावणार नाही. पण समजा, भोरच्या स्टँडवर एका माणसाची खानावळ आहे. त्याचे दहा तवे आहेत. तिथं बायका दिवसभर भाकऱ्या थापतात, तो त्या विकतो. भाकरी बाईनं केली, पण भाकरी तिची नाही; कारण तवा तिचा नाही. ती उद्या म्हणाली की मला अजून थोडं द्या, तर तो म्हणेल, जा, दुसरी येईल. तो असं म्हणू शकतो, कारण तवा त्याचा. मी बोलतोय ते त्या तव्याबद्दल. तुमच्या तव्याबद्दल नाही.

आत्यानं हातातली भाकरी निखाऱ्यापुढं उभी केली. ती फुगली. मग म्हणाली, “हे आदी सांग. जिथं जाशील तिथं पैलं हेच सांग. घरच्या तव्याला धक्का न्हाई. मंग म्होरलं ऐकत्याल.”

शोषणावर चार संध्याकाळी गेल्या असतील. विनायकनं भातकापणीचा दाखला घेतला. दिवसभर तुम्ही जेवढं कापता त्यातलं थोडं तुमच्या मजुरीत जातं आणि उरलेलं सगळं मालकाला, असं तो म्हणाला. आत्यानं लगेच विचारलं, “बी कुनाचं? बैल कुनाचा? पानी आन् पाखरं सांबाळली कुनी?” मग बियाण्याचं काढा, बैलाचं काढा, मालकाच्या राबणुकीचंही काढा, असं करत करत ते दोघं शेवटी तिथं पोचले की हे सगळं काढूनही जर काही उरत असेल, तर ते कुणाच्या घामाचं? आत्या म्हणाली, “आन् पीक बुडालं तर? मजूर तर आपली मजुरी घिऊन गेला.” विनायकनं कबूल केलं की ह्याचं एका वाक्यात उत्तर माझ्यापाशी नाही. मला तो त्या क्षणी फार आवडला. आजही कुणी समजावून सांगणारा माणूस ‘हे मला सांगता येत नाही’ म्हणाला की माझा त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो.

एकदा मीही मधे बोलले. सगळ्यांना सारखं म्हणजे काय, असा विषय होता. आत्याचं म्हणणं, आप्पा पाच भाकरी खातात आणि ती दोन खाते, मग सारखं कसं करायचं? विनायकला ह्याचं उत्तर सोपं वाटलं. तो म्हणाला, “घरात कसं असतं? लहान पोर काही कमवत नाही, तरी आधी त्याला दूध. म्हातारं माणूस काही करत नाही, तरी त्याला मऊ भात. जो तो जमेल तेवढं काम करतो आणि ज्याला जेवढी गरज तेवढं त्याला मिळतं. समाजवाद म्हणजे सगळा गाव एक घर.” मी लसूण सोलत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “पण घरात तरी तसं कुठं आहे? दही पुरुषांना. आपण सगळ्यांच्या मागून जेवायचं, उरलं तर उरलं.” आई दारात उभी होती, ती हसली आणि पदर तोंडाला लावून परत गेली. आत्यानं माझ्याकडं पाहिलं, पण रागावली नाही. विनायक म्हणाला, “खरंय. हा दाखला वापरायला नको.” पुढं मी स्वतः बोलायला लागले तेव्हा घराचा दाखला कधीच दिला नाही. अजूनही मोठमोठी माणसं व्यासपीठावरून तो देतात. ऐकणाऱ्यांत बायका असल्या की मी त्यांच्या तोंडाकडं बघते.

परवा माझ्या नातवानं मोबाईलवर काहीतरी वाचून मला विचारलं, “आजी, समाजवादी म्हणजे शिवी आहे का?” त्याच्या कुठल्यातरी ग्रुपवर कुणी कुणाला तसं म्हटलं होतं. मी त्याला म्हटलं, आमच्या पडवीत एक राहायचा, त्याला माशांचा वास सहन व्हायचा नाही. तो हसला. मग बसवून सगळं सांगितलं, तव्यापासून. पोरगं ऐकत होतं. कळायला अवघड असं त्यात काही नाही. अवघड जे आहे ते पुढंच आहे, आणि ते मला त्याच वर्षी समजलं.

झालं असं की फुगवट्यातलं पाणी वर उचलून आमच्या वाडीच्या शेतांना देण्याची एक योजना आली. इंजिन, पाइप, वर एक टाकी, तिथून पाट. त्यासाठी वाडीनं सोसायटी करायची होती. एवढी वर्षं पाणी डोळ्यांपुढं होतं आणि आम्ही पावसाच्या भातावर आणि नाचणीवर दिवस काढत होतो, त्यामुळे लोक हरखून गेले. प्रश्न एकच होता, पाणी वाटायचं कसं? सगळे धरून चालले होते की ज्याची जमीन जेवढी त्याला तेवढं पाणी. वाडीत सगळ्यांत जास्त जमीन आप्पांची. आप्पांचे चुलतभाऊ बाळूतात्या, त्यांची त्याखालोखाल. तात्यांनी तर ऊस लावायचंही मनात धरलं होतं. बौद्धवाडीतल्या घरांकडं जमीन नावापुरती, काहींकडं तीही नाही.

विनायकनं मांडलं की पाणी जमिनीवर न वाटता माणसांवर वाटावं. घरात जितकी माणसं तितके वाटे. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. त्यानं ते पाणी घेऊन कुणाची तरी जमीन निमपटीनं, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर, करावी. आणि कुणी ऊस लावायचा नाही, कारण एकाच्या उसात चार घरांची ज्वारी बुडते. ह्यावर आत्याशी त्याच्या फारशा संध्याकाळी गेल्या नाहीत. तिला लगेच कळलं. ती एवढंच म्हणाली, “आप्पाला सांगितलंस का?” विनायक म्हणाला, सभेत सांगू. मलाही आप्पांना घरात विचारायचं धाडस झालं नाही. ते रोज आमच्याबरोबर जेवत होते, विनायकला ‘तुमी’ म्हणून आणखी भात घ्या म्हणत होते, आणि ह्या विषयावर कुणीच बोलत नव्हतं.

सभा शाळेच्या पटांगणात दुपारी भरली. भोरहून योजनेचे साहेब आले होते, त्यांना खुर्ची दिली होती. वाडीचे पुरुष पुढं सतरंजीवर बसले. बौद्धवाडीतले लोक कडेला, चिंचेखाली, नेहमीसारखे. आम्ही बायका भिंतीच्या सावलीत. साहेबांना पाहून विनायकला काय झालं कुणास ठाऊक, पण तो उठला आणि एकदम पहिल्या सभेसारखा बोलायला लागला. नैसर्गिक संसाधनांचं न्याय्य वितरण, सामूहिक स्वामित्व... खणखणीत आवाजात सगळं तेच. लोकांच्या माना डोलायला लागल्या. तेवढ्यात माझ्या शेजारून आत्याचा आवाज आला, “न्हाई कळलं!”

सगळे हसले. साहेबही हसले. विनायक थांबला. त्याच्या कानशिलांपर्यंत लाली चढलेली मला लांबून दिसली. त्यानं बायकांच्या बाजूला पाहिलं आणि म्हणाला, “नंदा, तू सांग. तुला येतं.”

मी उठले ती आत्यानं कमरेला हात लावून ढकललं म्हणून. आधी काय बोलले ते आठवत नाही. मग मी तव्याचं सांगितलं, घरच्या तव्याला धक्का नाही ते आधी. कुणाची जमीन कुणी घेणार नाही. जमीन ज्याची त्याची. आपण बोलतोय ते पाण्याबद्दल. हे पाणी कुणी विहीर खणून काढलेलं नाही, कुणाच्या बापानं विकत घेतलेलं नाही. पाऊस सगळ्यांवर पडला आणि इथं येऊन साठला. तहान जमिनीला लागत नाही, माणसाला लागते, भूकही माणसालाच. मग मोजायचं असेल तर माणसं मोजा. मी असं बोलत होते आणि लोक माना डोलवत नव्हते, कपाळाला आठ्या घालत होते, एकमेकांकडं बघत होते. त्या वयातही मला कळलं की हे ऐकणं वेगळं आहे.

बाळूतात्या उठले. मला लहानपणी खांद्यावर घेऊन हिंडवलेले तात्या. म्हणाले, “नंदे, ब्येस बोललीस. पर ह्यात सगळ्यांत जास्ती पानी तुज्या बापाचं जातंय. त्यास्नी इचारलंस का?”

मी म्हणाले, “नाही विचारलं.”

सगळे आप्पांकडं पाहायला लागले. आप्पा सतरंजीवर मांडी घालून बसले होते. ते सावकाश उठले, टोपी सारखी केली आणि माझ्याकडं न बघता, साहेबांकडंही न बघता, समोर बघून म्हणाले, “प्वार काय म्हनली त्ये मला कळलं. समदं कळलं. पर पटलं न्हाई. माझा बा, माझा आजा ह्या जमिनीत राबला. दगड येचून येचून वावर केलं. म्या त्यो घाम मोजायचा न्हाई का? जमिनीपरमानं पानी, ह्यात अन्याव काय हाय?” आणि ते खाली बसले.

मी उभीच होते. मी आणि विनायक समजत होतो की नीट सांगितलं की माणूस मान्य करतो. वर्षभर आम्ही फक्त नीट कसं सांगायचं ह्यावर मेहनत घेतली होती.

तेव्हा चिंचेखालून किसनदादा बोलले. ते उठून पुढं आले नाहीत, तिथंच उभे राहिले. “आप्पा म्हंत्यात त्ये खरं हाय,” ते म्हणाले. “राबलेला घाम मोजला पायजे. माज्या आज्यानं बी दगड येचले. त्याचं वावर हितंच खाली हाय, पान्याखाली. रोज म्या त्याच्यावरनं नाव मारतोय. उन्हाळ्यात बांध बी दिसतो, कुनाला बगायचा आसल तर दावतो. जमीन मोजून पानी देनार आसाल तर द्या. पर मंग ती बी मोजा. ज्या वावरावर ह्ये पानी उबं हाय, त्याला पानी न्हाई, ह्ये मला कळत न्हाई.”

कुणी हसलं नाही. मग एक एक जण बोलायला लागला. खालची जमीन काही एकट्या बौद्धवाडीची गेली नव्हती. कुणाची पट्टी, कुणाची आमराई, कुणाचं खळं. म्हाताऱ्यांना जागा आठवायला लागल्या. बाळूतात्यांचं एक शेत खाली होतं, आप्पांचंही होतं. थोड्याच वेळात सभेचं असं झालं की लोक पाण्याकडं बोटं करून, कुणाचं काय कुठं बुडालं ह्यावर बोलत होते. साहेबांना मोठ्या रस्त्यावर जाऊन एसटी पकडायची होती. काही न ठरता सभा मोडली.

पुढचे दिवस घरात जड गेले. आप्पा माझ्याशी बोलत नव्हते. रागावलेलेही दिसत नव्हते, फक्त बोलत नव्हते. ताटावर बसले की आत्याला सांगायचे, “तिला म्हनावं मीठ दे.” मी मीठ द्यायचे. विनायकनं दुसरीकडं जागा बघतो म्हणून सांगितलं, तेव्हा मात्र आप्पा म्हणाले, “कशापायी? तुमी आमचं काय खाल्लंय?” आई एकदा शेतातून येताना मला म्हणाली, “त्यांना वाईट वाटलं त्ये तू बोललीस म्हून न्हाई. समद्यांम्होरं पैल्यांदा ऐकलं म्हून.” तेवढं बोलून ती पुढं चालायला लागली. मला रडू आलं, पण डोक्यावर भारा होता, डोळे पुसता येईनात.

वाडीच्या बैठका चालू राहिल्या. देवळात, शाळेत, कुणाच्या तरी अंगणात. आप्पा प्रत्येक बैठकीला जात. शेवटी जे ठरलं ते विनायकच्या मनासारखं नव्हतं आणि बाळूतात्यांच्याही. आधी प्रत्येक घराला, जमीन असो वा नसो, पाण्याची एक पूर्ण पाळी. ती झाल्यावर उरलेलं पाणी जमिनीप्रमाणं. ऊस लावायचा नाही. हे मांडलं बाळूतात्यांच्या थोरल्या मुलानं, आणि हात वर करताना आप्पांचा हात वर होता. विनायक त्या संध्याकाळी जेवला नाही. म्हणाला, ही तडजोड आहे, मूळ मुद्दा गेला. आत्यानं त्याच्यापुढं ताट सरकवलं आणि म्हणाली, “किसनाच्या घरी पानी येनार का न्हाई, येवडं सांग.” येणार होतं. आलंही. त्या हंगामात किसनदादांनी त्यांच्या पाळीच्या पाण्यावर आमचंच एक वावर निमपटीनं केलं, त्यात गहू घेतला. आप्पांचा त्यात फायदा होता म्हणून त्यांनी दिलं. उगीच मोठेपणा सांगायला नको.

ती सोसायटी बरीच वर्षं चालली. आता त्या काठावर पुण्याच्या लोकांचे बंगले आहेत, पानशेतकडं आहेत तसेच. त्यांचे पंप आहेत आणि त्यांच्या हिरवळी उन्हाळ्यातही हिरव्या असतात. वाडीतली निम्मी घरं बंद. मी भोरला राहते. पाणी कुणाचं हा प्रश्न सुटला असं मी सांगणार नाही.

विनायक पुढच्या उन्हाळ्यात साताऱ्याकडं गेला. जाण्याआधीच फुगवट्याच्या पलीकडच्या गावातून निरोप आला होता की त्यांच्याकडंही पाण्याचं चाललंय, ती कळंल असं सांगणारी पोरगी पाठवा. पोरगी म्हणजे मी. आत्या एकदम तयार, आई गप्प. आप्पा गोठ्यातून आत आले, अंगरखा चढवला आणि म्हणाले, “चल. एकली कशी जाशील?” कितीतरी दिवसांनी ते थेट माझ्याशी बोलले होते. नावेत आम्ही समोरासमोर बसलो. किसनदादा वल्हवत होते. आप्पा पाण्याकडं पाहत होते, त्यामुळं मीही पाण्याकडं पाहिलं.

त्या गावात मी बोलले. बोलून झाल्यावर मागच्या रांगेतून एक माणूस उठला आणि विरोधात बोलायला लागला. ते आप्पा होते. “इंजिन समद्यांचं म्हंता. मंग रातीचं बंद पडलं तर त्याच्यापाशी जाऊन उबं कोन ऱ्हानार? सांगा.” मला उत्तर देताना नाकी नऊ आले. परत येताना नावेत ते शांत बसून होते, मी फुगून. पुढच्या गावात मी इंजिनाची राखण कुणी आणि कशी करायची ते आधीच सांगून टाकलं. तिथं त्यांनी दुसरंच काढलं. असं होत राहिलं. पुढची काही वर्षं आप्पा माझ्या सभांना येत राहिले, आणि जवळजवळ प्रत्येक सभेत माझ्या विरुद्ध बोलले. लोकांना ते माहीत झालं. काही गावं तर आप्पा येणार आहेत ना, म्हणून विचारून घ्यायची. मला कधीकधी भयंकर राग यायचा. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मी उद्याचं उत्तर जुळवत असायचे, आणि ते उत्तर कालच्यापेक्षा सोपं असायचं.

वेल्ह्यात, राजगडाखालच्या पाल गावात एकदा सभा होती. मजुरीचा विषय होता, पाण्याचा नव्हे. मी सुरुवात केली न केली तोच पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हुर्यो करायला लागले. एकानं ओरडून विचारलं, बाईमाणसाला हितं कुणी बोलावलं, घरी चूल नाही का. बाकीचे हसले. संयोजक बाजूला बघायला लागला. मी थांबले. मला वाटलं की आपण खाली बसावं.

मागून आप्पा उठले. गर्दीतून वाट काढत ते पुढं आले, त्या पोरांच्या शेजारी उभे राहिले. मला वाटलं, आता हेही माझ्या विरुद्ध बोलणार.

“ही माजी ल्येक,” ते म्हणाले. “हिचं काय काय चुकतंय त्ये मला ठावं हाय, आन् त्ये म्या हितं समद्यांम्होरं सांगनार हाय. पर आदी तिला पुरं बोलू द्या. तवर कोन बोललं तर त्याची आन् माजी गाठ हाय.”

ते परत मागं गेले नाहीत. तिथंच पुढं, त्या पोरांच्यात मांडी घालून बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि माझ्याकडं पाहून हातानं खूण केली, बोल. मी पहिल्यापासून सुरुवात केली.